डावीकडे न वळणारी मोटारसायकल

गणपतीचे दिवस जवळ आले की लोकांना धुपाचा वास आठवतो, मूर्तीवरच्या ओल्या रंगाचा आठवतो, गणपतीवर टांगलेल्या माटवीला बांधलेल्या कवंडळांचा आणि तेरड्याचा आठवतो. मला बॅटरीतल्या अ‍ॅसिडचा आठवतो. त्यात माझा दोष नाही. ऐंशीच्या दशकातला तो एक भाद्रपद असा काही माझ्या नाकात जाऊन बसला आहे, की आजही भात पोटरीला आलं, पावसाने जरा उघडीप दिली आणि हरण नावाच्या पिवळ्या रानफुलांनी बांध भरले, की मी नकळत उजव्या पायाने हवेत किक मारतो. बायको म्हणते, वात झालाय. मी म्हणतो, असेल.

तेव्हा मी मालवणजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. मूळचा सावंतवाडीचा, म्हणजे गावाच्या दृष्टीने शहरी. बदली होऊन निघालेल्या एका कारकुनाकडून मी जुनी मोटारसायकल घेतली. तिच्या टाकीवरचं कंपनीचं नाव खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्लं होतं. कारकून म्हणाला होता, "गाडी एकदम साधी आहे. फक्त तिला समजून घ्यावं लागतं." हे वाक्य त्याने गाडीबद्दल इतक्या हळव्या आवाजात उच्चारलं, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

उन्हाळा बरा गेला. पाऊस लागला आणि गाडी बंद पडू लागली. बंद पडणं म्हणजे खोकत, आचके देत बंद पडणं नव्हे. चालता चालता एकदम गप्प. इंजिन नाही, हॉर्न नाही, दिवा नाही. बोलत्या माणसाच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवावा तसं. मी उतरायचो, गाडी सरळ उभी करायचो, टाकीवर दोन चापट्या मारायचो, किक मारायचो, आणि ती काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची.

आता इंजिन, हॉर्न आणि दिवा एकदम जातात म्हणजे बिघाड विजेचा, एवढं विज्ञानाच्या मास्तरला कळत होतं. विजेचा म्हणजे बॅटरीचा, असं मी ठरवून टाकलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी भुकटी चढली होती. ती मी सोड्याच्या गरम पाण्याने घासली. डिस्टिल्ड वॉटर आणून घातलं. प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर घरी आणून लावला, तर काटा ऐटीत सहावर उभा, आणि बॅटरी होतीच सहा व्होल्टची. समाधान होईना म्हणून बॅटरी सोडवून परसात पाटावर ठेवली आणि रोज सकाळी तिची तपासणी सुरू केली. या काळात बायकोच्या वाळत घातलेल्या लुगड्याला जाळीदार भोकं पडली. तिने लुगडं माझ्यासमोर धरलं. भोकातून तिचा एक डोळा दिसत होता.

"हे बॅटरीने केलं की तुम्ही?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "अ‍ॅसिडने."

"मग अ‍ॅसिडला सांगा, दुसरं लुगडं आणून दे."

गाडी मी बाजारातल्या गॅरेजवाल्या आंतोनकडे नेली. आंतोन कमी बोलणारा माणूस. त्याने गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, किक मारली, इंजिन पडवीभर धडधडत ठेवलं आणि बाकावर बसून विडी संपवली. गाडी एकदाही बंद पडली नाही. "बॅटरी," तो म्हणाला. मी म्हणालो, बॅटरी मी तपासली आहे. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "बॅटरी." बॅटरी दोन दिवस चार्जिंगला राहिली. परत येताना गाडी छान आली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना ठरल्या जागी बंद पडली.

ठरल्या जागी, हेच महत्त्वाचं. गावातून बाजाराकडे जाताना एका जुन्या आईनाच्या झाडाशी रस्ता काटकोनात वळतो. गाडी नेमकी तिथे बंद पडायची. आणि त्या झाडाखाली गावाची हद्द राखणाऱ्या देवचाराचा दगड. त्यामुळे वळणासमोरच्या दुकानाच्या बाकावर बसणाऱ्या मंडळींनी निदान कधीच करून ठेवलं होतं.

"मास्तरानु, नारळ ठेवक होयो," दुकानदार म्हणाला. "राखणदार आसा तो. नयो माणूस गाडी घेवन दणदणत जाता, तेका काय बरा वाटतला?"

"अहो, मग येताना का अडवत नाही तो? येताना गाडी कधीच बंद पडत नाही," मी म्हणालो.

दुकानदाराला हा प्रश्न फारच बालिश वाटला. "येताना तुमी घराक जातास. घराक जाणाऱ्याक देव कित्याक अडवतलो?"

मी नारळ ठेवला. नारळ ठेवायला उतरलो, गाडी सरळ उभी केली, नमस्कार केला, किक मारली, गाडी सुरू. बाकावरच्या मंडळींनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या.

आता दामूभटजींबद्दल सांगायला हवं, कारण या गाडीवर पुढे एवढा मोठा प्रसंग आला तो त्यांच्यामुळे. गावातल्या सगळ्या गणपतींची पूजा तेच सांगायचे. सत्तरीला टेकलेले, काटकुळे, आवाज मात्र पितळी घंटेसारखा. चतुर्थीच्या दिवशी ते उजाडताच निघायचे आणि बांधांवरून, आडवाटांनी घर घर घेत दुपार टळेपर्यंत सगळा गाव पुरा करायचे. भटजी येऊन पूजा होईपर्यंत कुठल्याही घरात कुणी जेवत नाही. त्यामुळे त्या दिवशी गावाची भूक त्यांच्या पायांवर अवलंबून असायची.

त्या श्रावणात ते विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि गुडघा सुजला. काठीच्या आधाराने अंगण ओलांडता यायचं, बांध नव्हे. गावात कुजबुज सुरू झाली की यंदा शेजारच्या गावचा भट सांगून ठेवूया. त्यांच्या ठाण्याच्या मुलाचंही पत्र आलं होतं, आता पुरे, इकडे या. दामूभटजी एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसले. माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलत, मी मास्तर म्हणून.

"मास्तर, तुमची गाडी चालते का?"

"अधूनमधून."

"मीही तसाच झालोय," ते म्हणाले. "एक दिवस मला फिरवाल? एकदा दुसरा भट त्या उंबऱ्यांवरून गेला, की मग मला कोणी बोलावणार नाही. राग म्हणून नव्हे. सवय म्हणून. मग मी ठाण्याला जाऊन गॅलरीत बसायचं."

मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर रात्रभर बॅटरीचा विचार करत राहिलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सरावासाठी म्हणून भटजींना मागे बसवलं आणि त्यांच्याच अंगणात गाडी फिरवली. भटजींचं घर गावाच्या अगदी मधोमध, रवळनाथाच्या देवळामागे. मोठं अंगण, मध्ये तुळस. मी डावीकडून वळसा घेतला. तुळशीपाशी गाडी गप्प. सरळ केली, सुरू केली, पुन्हा डावीकडे, पुन्हा गप्प. देवचाराचा दगड इथून चांगला लांब होता.

"तुळशीला डावी घालताय तुम्ही," मागून भटजी म्हणाले. त्यांना त्यात अधर्म दिसत होता. "उजवीकडून घ्या."

उजवीकडून घेतली. गाडी तुळशीभोवती फिरतच राहिली. आम्ही दोघांनी त्या अंगणात इतके फेरे मारले की काकू, म्हणजे भटजींची बायको, पदर खोचून दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता आत गेली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी उभी केली, चावी फिरवली, हेडलाइटच्या टोपणातला लहानसा दिवा लागला. हँडल डावीकडे वळवलं, दिवा गेला. उजवीकडे वळवलं, आला. डावीकडे, गेला. हँडलच्या मानेपाशी टाकीखालून तारांचा एक जाड जुडगा हेडलाइटकडे जातो, काळ्या पट्टीत गुंडाळलेला. त्यातली एक तार आतून तुटली होती. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं दुभंगलेलं. हँडल डावीकडे गेलं की जुडगा ताणला जायचा आणि दोन टोकं एकमेकांपासून सुटायची. सरळ केलं की पुन्हा भेटायची. आंतोनने गाडी स्टँडवर सरळ उभी करून तपासली होती. मी बॅटरी पाटावर ठेवून तपासली होती. वळवून कुणी पाहिलंच नव्हतं. आईनाच्या झाडाशी जाताना डावं वळण होतं, येताना तेच उजवं व्हायचं.

बिघाड सापडला, पण दुरुस्ती समोर नव्हती. आंतोन दुकान बंद करून वेंगुर्ल्याला बहिणीकडे गेला होता. जुडगा मी स्वतः उसवला असता, पण उसवून जोडता नाही आला, तर उद्या गाडी उजवीकडेही वळली नसती.

भटजींनी काठीच्या टोकाने ओल्या अंगणात गाव काढला. मध्ये देऊळ, भोवती गोल रस्ता, त्याच्या कडेने घरं. "इथून बाहेर पडलो आणि उजवीकडे वळलो," ते म्हणाले, "तर देऊळ सबंध वेळ उजव्या हाताला राहतं. म्हणजे ही प्रदक्षिणा झाली. मास्तर, तुमची गाडी शास्त्राला धरून आहे." आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. काठी एका घरावर थांबली. "नानांचं काय करायचं?"

नाना परब गावचे मानकरी. त्यांचं घर देवळाकडून बाहेर पडलं की डाव्या हाताला पहिलंच. त्यांच्या गणपतीची पूजा आधी, मग इतरांची. हे कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडण्याची हिंमतही कुणाला नव्हती. पूर्वी कुणा भटाने चुकून दुसऱ्या घरी आधी पाय ठेवला, तर नानांच्या वडिलांनी त्याच्याशी मरेपर्यंत अबोला धरला होता म्हणे. उजवीकडून निघालं की नानांचं घर सगळ्यात शेवटी येत होतं.

"त्यांच्याकडे आधी चालत जाऊया का, काठी टेकत?" मी विचारलं.

"तिथे जाऊन परत येण्यातच गुडघा संपेल. मग बाकीचा गाव उपाशी." भटजींनी काठीने रेघ पुसली. "होईल ते होईल."

चतुर्थीची सकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, माडांच्या झावळ्यांतून थेंब गळताहेत. कुठेतरी नारळ खवल्याचा आवाज, कुठेतरी गूळ शिजल्याचा वास. मागे भटजी सोवळ्यात, काखेत पिशवी, एका हातात काठी आणि दुसऱ्यात छत्री. आम्ही देवळाकडून बाहेर पडलो आणि पाहतो तो, डावीकडे नाना परब आपल्या अंगणाच्या पोवळीशी, दगडी गडग्याजवळ, उभे. आंघोळ झालेली, गंध लावलेलं, हातात पाय धुवायला पाण्याचा तांब्या. दर वर्षी ते असेच उभे राहत. मी हँडल उजवीकडे वळवलं.

मागून भटजींचा पितळी आवाज घुमला. "नानानु, येतंय हां. प्रदक्षिणा घालून येतंय."

मी मान वळवून पाहिलं नाही. भटजींनी पाहिलं. ते म्हणाले, नाना तांब्या घेऊन तसेच उभे आहेत.

ज्या घरी भटजी दर वर्षी सगळ्यात शेवटी जायचे, त्या घरी आम्ही सगळ्यात आधी पोचलो. ताराबाय एकटी राहायची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन देवगडला. तिच्या गणपतीच्या तोंडावरचं फडकंही अजून काढलेलं नव्हतं. ती केर काढत होती. एवढ्या सकाळी भटजींना दारात बघून तिच्या हातातली केरसुणी गळली.

"कोण गेला?" तिने विचारलं.

"कोण नाय गो. गणपतीची पूजा सांगूक इलंय."

"आताच? तुमी तीन वाजता येतास."

"यंदा आधी इलंय."

ताराबायने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग घाईघाईने फडकं काढलं. पूजा झाली. निघताना तिने विचारलं, "मगे जेवक खंय जातलास? दर वर्सा माझ्याकडे जेवतास." भटजी म्हणाले, बघूया. खरं तर त्यांना त्या दिवशी जेवण मिळेल की नाही याचीच शंका होती. बाहेर आल्यावर मागे वळून पाहिलं तर ती चुलीत फुंकर घालत होती. चतुर्थीला सकाळीच गरम भात जेवायचा योग तिला लग्नानंतर पहिल्यांदा आला असेल.

मग घरामागून घर. कुठे मोदकांची उकड अजून परातीत, कुठे मुलं आंघोळीविना, कुठे मुंबईकर पाहुणे लुंगीत दात घासताहेत. सगळ्यांनी वर्षानुवर्षं आपापल्या वेळा बांधून ठेवलेल्या. सगळ्यांची धांदल. भटजी हळूहळू खुलत गेले. गुडघ्याचं दुखणं विसरले. मागे बसल्या बसल्या पुढच्या घरचा संकल्प पुटपुटत. ओढ्यावरच्या साकवाला मात्र एक डावं वळण टाळता येत नव्हतं. तिथे मी आधीच इंजिन बंद करून उतरलो आणि गाडी ढकलू लागलो. भटजी उतरायला लागले तर शेतातून दोघे धावत आले आणि म्हणाले, तुमी बसान रवा. अशा रीतीने दामूभटजी छत्री उघडून, न चालणाऱ्या गाडीवर विराजमान होऊन, तिघांच्या हातांनी साकव ओलांडते झाले. पलीकडे माणसं हात जोडून उभी होती. गणपतीला की भटजींना ते कळलं नाही.

तोपर्यंत बातमी आमच्या पुढे धावत होती. गाडी डावीकडे वळत नाही हे प्रत्येक घराला आम्ही पोचायच्या आधी माहीत असायचं. म्हणजे नानांनाही माहीत असणार.

दुपार कलली तेव्हा आम्ही त्यांच्या दारात आलो. पोवळीशी कुणी नव्हतं. नाना ओटीवर बसले होते, हात मांडीवर. मुंबईहून आलेला जावई भुकेने पिवळा पडून खांबाला टेकला होता. भटजी काठी टेकत पायरीशी थांबले.

नाना माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, गाडीत बिघाड काय आसा?"

मी सांगितलं. आतून तार तुटली आहे, वरून दिसत नाही, डावीकडे वळवलं की टोकं सुटतात.

"म्हणजे डाव्या बाजूक जाणाच नाय?"

"जाते, पण बंद पडते."

नानांनी मान हलवली. मग भटजींकडे वळले. "आणि शास्त्र काय म्हणता?"

भटजी म्हणाले, "शास्त्र पण उजवीच सांगता."

"बरा झाला," नाना म्हणाले. "दोगांचा एकमत झाला. नायतर माका शास्त्राशी भांडूचा लागला असता." ते उठले, आतून तांब्या आणला आणि भटजींच्या पायांवर पाणी घातलं. सुजलेल्या गुडघ्यापाशी त्यांचा हात क्षणभर थांबला. "इतकी सूज घेवन गाव फिरलास?" एवढंच म्हणाले.

त्या दिवशी नानांच्या घरी जी पूजा झाली, तशी मी परत पाहिली नाही. भटजींना पुढे कुठे जायचं नव्हतं. दर वर्षी या घरी त्यांचा एक डोळा रस्त्यावर असायचा, सगळा गाव उपाशी आहे ही टोचणी असायची, आणि मानाच्या घरची पूजा सगळ्यात घाईत उरकायची. आज ते बैठक मारून बसले. एकेक मंत्र सावकाश, एकेक फूल हातात घेऊन. स्वयंपाकघरातून नानांची म्हातारी आई भिंतीला धरून बाहेर आली आणि दाराशी बसली. जावई मात्र मंत्र लांबला की डोळे मिटायचा. सगळ्यांना वाटलं, भक्ती.

पूजेनंतर नानांनी स्वतः भटजींचं पान मांडलं. भटजी हात धुऊन बसले. नाना वाढता वाढता म्हणाले, "इतकी वर्सां तुमी पयले माझ्या घराक येतास. आणि आज पयल्यांदा हय जेवतास. ह्यो मान कसलो मगे?" भटजींनी भातावर वरण घेतलं आणि डोळे पुसले. मी आपला मोदक मोजायचा बहाणा करत खाली बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात आंतोन परत आला. त्याने जुडगा उसवला, तुटलेली तार शोधली, जोडली, वर पट्टी गुंडाळली. मग विडी पेटवून म्हणाला, "मी तुमका सांगितललंय ना, बॅटरी नाय." मी पैसे मोजून दिले. गाडी त्यानंतर डावीकडेही वळू लागली आणि काही वर्षांनी वेगळ्याच, अधिक गंभीर कारणाने कायमची बंद पडली.

पुढच्या भाद्रपदात भटजींचा गुडघा बरा होता. ते चालत निघणार होते. तर नानांचा निरोप आला की आमच्याकडे शेवटी या, जेवायलाच या. ताराबायला हे कळलं तेव्हा ती नानांच्या दारात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, भांडण होणार, शेवटचं घर तर तिचं होतं. ती म्हणाली, "नानानु, भटजी तुमच्याकडे जेवांदेत. माका माझा सकाळचा गरम जेवान होया. परत माका शेवटी टाकलास तर मी गणपती घेवन तुमच्याच ओटीर येवन बसतलंय." नानांनी ते ताबडतोब मान्य केलं.

भटजी ठाण्याला कधी गेले नाहीत. शेवटपर्यंत गावातच राहिले. आता त्यांचा पुतण्या ओरोसहून चारचाकी घेऊन येतो, कानाला फोन लावून, आणि गाव काही तासांत उरकतो. परवा त्याच्याबरोबर नानांचा नातू होता, कॉलेजात शिकणारा. मी त्याला सहज विचारलं, हे असे उजवीकडून का रे निघता, डावीकडे तर तुझं घर दोन पावलांवर.

तो मोठ्या आदराने म्हणाला, "सर, ही आमच्या गावची फार प्राचीन प्रथा आहे. देवळाला प्रदक्षिणा घालून मग मानाच्या घरी यायचं. राजांच्या काळापासून चालत आलंय."

मी म्हणालो, हो, ऐकलंय मी.